भीतीपोटी लिहिलेली चिठ्ठी

उत्तरायण (धागाकर्ती)

हे लिहावं की नाही या विचारात तीन आठवडे गेले. इथे आपण पाककृती, प्रवास, मुलांच्या शाळा या सगळ्यावर बोलतो, पण डॉक्टरच्या भीतीवर कुणी बोललेलं फारसं वाचनात आलं नाही. पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. बाकी घडलं तसंच लिहिते.

मी सोलापुरात १४ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करतेय. १२ खाटांचं प्रसूतिगृह आहे, खाली दवाखाना आणि वर घर. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरच्या कामगारांची घरं, दक्षिण सोलापूर-अक्कलकोटकडचे शेतकरी, सीमेपलीकडून इंडी-आळंदहून येणारे लोक, असे माझे पेशंट. एका राऊंडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषा कानावर पडतात.

चार वर्षांपूर्वी भोगीच्या आदल्या रात्री एक बाई आली. तिसरी खेप होती. बाळंतपण सरळ झालं, बाळ रडलं, वार पडली. आणि मग गर्भाशय आवळेचना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जात असतं. अंगात सगळं मिळून रक्त पाच लिटरच्या आसपास. वार सुटल्यावर गर्भाशयाचे स्नायू घट्ट आवळतात आणि त्यांच्या जाळीतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटीत धरल्यासारख्या बंद होतात. हे झालं नाही तर हातात मिनिटं उरतात. ऑक्सिटोसिन, मेथर्जिन, कार्बोप्रोस्ट, ट्रानेक्झॅमिक ॲसिड अशी गर्भाशय आवळायची आणि रक्त थांबवायची सगळी औषधं क्रमानं दिली. आत फुगा घातला. एक हात आतून आणि एक पोटावरून अशी गर्भपिशवी दाबून धरली. भूलतज्ज्ञ आले, रक्त आलं, शेवटी पिशवी काढायचा निर्णय घेतला. पहाटे टेबलावरच तिचा जीव गेला.

बाहेर बाकावर तिची सासू बसली होती. भोगीची बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भाजी तिनं कुणाकडून तरी घरून मागवून घेतली होती. मी दार उघडून बाहेर आले. मी तोंड उघडायच्या आत तिनं डबा पुढे केला. "मॅडम, रातभर उपाशी हाईत तुम्ही. दोन घास खावा की."

मग मी सांगितलं. काय शब्द वापरले ते आठवत नाही. डबा आठवतो.

नऊ वाजेपर्यंत दारात चाळीस-पन्नास माणसं जमली. त्यातली बरीचशी त्या घरची नव्हतीच. काचा फुटल्या. मी आणि दोन सिस्टर सोनोग्राफीच्या खोलीत आतून कडी लावून बसलो. माझा मुलगा वर घरात एकटा होता, १२ वर्षांचा. त्याचा फोन येत होता आणि बाहेर आवाज जाईल म्हणून मी तो उचलत नव्हते. पोलीस आले, गर्दी पांगली. पुढे चौकशी झाली. ११ महिन्यांनी निष्कर्ष आला की हलगर्जीपणा आढळला नाही. तो कागद फाईलला लावला. त्या कागदानं झोप परत आली नाही.

पण खरं सांगायचंय ते पुढचं आहे. मी पेशंट पाठवायला लागले. हिमोग्लोबिन ९ च्या खाली, पाठवा. जुळं, पाठवा. आधीचं सिझर, पाठवा. बीपी जरा वर, पाठवा. जे मी दहा वर्षं रोज करत होते तेच. चिठ्ठीवर एकच वाक्य असायचं, 'पुढील उपचारांसाठी पाठवत आहे.' लोक म्हणायचे मॅडम फार काळजी घेतात, आणि मलाही ते पटायचं.

दीड-दोन वर्षांपूर्वी रात्री एकला एक बाई कळा देत आली. पाच महिने माझ्याकडेच दाखवत होती. हिमोग्लोबिन ८. त्याआधीच्या दहा वर्षांत अशा कितीतरी बाया मी दोन पिशव्या रक्त क्रॉसमॅच करून (पेशंटच्या रक्ताशी जुळवून) ठेवून इथेच मोकळ्या केल्या होत्या. त्या रात्री मी कळा किती पुढे गेल्यात तेही नीट तपासलं नाही. आत हात घातला की ती माझी झाली, असं काहीतरी डोक्यात होतं. चिठ्ठी लिहिली. ती सात रस्त्याजवळ रिक्षात बाळंत झाली. सासूनं साडीचा आडोसा धरला. आई-बाळ दोघं वाचले, ते त्यांच्या नशिबानं.

तिसऱ्या दिवशी नवरा आला. यंत्रमागावर काम करणारा तेलुगू मुलगा, हातात पेढ्यांचा पुडा. पेढे टेबलावर ठेवून उभाच राहिला. म्हणाला, "मॅडम, आमचं काय चुकलं होतं?"

भांडायला आला नव्हता तो. त्याला खरंच वाटत होतं की त्यांच्याकडून काही चुकलं, पैशाचं किंवा बोलण्याचं, म्हणून मी त्यांना बाहेर काढलं.

ते वाक्य गेलं वर्ष-दीड वर्ष माझ्या डोक्यात आहे. माझ्या भीतीची किंमत त्या बाईनं रिक्षात मोजली. आपण डॉक्टर लोक भीती वाटत नाही असं दाखवतो, ठीक आहे. पण दाबलेली भीती आपल्या हातून काय करून घेते, हे कुणी आपापसात तरी बोलतं का? डॉक्टर, सिस्टर, नातेवाईक, कुणीही असाल तर लिहा.

निशिगंध

ताई, मी सोलापूरचीच. पीजी बाहेरगावी केलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

पहिल्या वर्षी ड्युटीचा सलग ३१ वा तास होता. पहाटे तीनला एका पेशंटचं रक्त घेताना सुई माझ्या बोटात गेली. पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह. ७२ तासांच्या आत लागण टाळायचं औषध सुरू करायचं आणि २८ दिवस घ्यायचं, हे मीच परीक्षेत लिहून आले होते. गोळी दोन तासांत मिळाली. सुई टोचून लागण होण्याची शक्यता हजारात तीन, तीही औषध घेतलं नाही तर. औषधानं आणखी खूप खाली येते. कागदावर हे किती दिलासा देणारं वाटतं! रात्री दोनला मात्र हजारातली ती तीन माणसं मीच असते.

२८ दिवस मळमळ व्हायची. आईनं शेंगाचटणी पाठवली होती, तिचा वास सहन होत नव्हता. आईला काहीच सांगितलं नाही. सहा आठवड्यांची टेस्ट व्हायच्या आधी दिवाळी आली, घरी आले. भाची धावत आली आणि मी तिचा पापा घेतला नाही. जवळ घेतल्यानं काही होत नाही हे मी स्वतः पेशंटच्या बायकोला बसवून समजावलं होतं. तरी नाही घेतला. सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आल्या. भाची आता सहावीत आहे, तिला ते आठवतही नसेल.

दुसरं म्हणजे ते ३१ तास. रेसिडेंट डॉक्टरला सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी शक्यतो नसावी, आठवड्याला ४८ तास असावेत, असं केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलेलं आहे. मी जन्मलेही नव्हते तेव्हा. मला ते पीजी संपल्यावर कळलं. झोप नसलेल्या हातात सुई देऊन आपण 'काळजीपूर्वक काम करा' असं सांगतो.

बोरामणी

वाचतोय. सासूबाईंच्या डब्याशी थांबलो आणि बराच वेळ पुढे वाचवेना.

हातमाग

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. राग मानू नका.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात होते. २०१७ च्या मे महिन्यात दुपारी कामावर छातीत कळ आली. एका खासगी दवाखान्यात नेलं. आत घेतलं, दार बंद झालं. तीन तास. दर अर्ध्या तासानं एक मुलगा बाहेर येऊन औषधाची चिठ्ठी द्यायचा, मी पळत जाऊन औषध आणायचो. विचारलं की "पेशंट सिरियस आहे" एवढंच. तिसऱ्या तासाला तोच मुलगा येऊन म्हणाला, "गेले. सही करा."

मी त्याची कॉलर धरली. तो २५-२६ वर्षांचा असेल. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचा आणखीच राग आला. माझ्या मावसभावानं खुर्ची उचलली होती, ती कुणीतरी मधे पडून काढून घेतली म्हणून बरं.

नंतर कळलं की वडील दवाखान्यात नेतानाच जवळजवळ गेलेले होते, आतमध्ये त्यांनी बराच वेळ छाती दाबून प्रयत्न केला. हे मला कुणी सांगितलं? वर्षभरानं, ओळखीच्या एका वॉर्डबॉयनं. त्याच दिवशी कुणी मोठा डॉक्टर पाच मिनिटं बाहेर येऊन म्हणाला असता की हृदय बंद पडलंय, आम्ही दाबतोय, आशा कमी आहे, आत येऊन बघून जा, तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

कॉलर धरली ते चूकच. त्या पोराचं तोंड मला अजून दिसतं. पण ताई, बंद दाराच्या बाहेर माणसाचं काय होतं तेही तुमच्या धाग्यात यावं म्हणून लिहिलं.

उत्तरायण (धागाकर्ती)

@हातमाग, राग कसला मानू? तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. खुर्ची उचलणं कुठल्याच कारणानं क्षम्य नाही, हे मला आधी म्हणायचंय. आणि दार बंद ठेवणंही क्षम्य नाही.

दार का बंद असतं ते सांगते. एक कारण खरंच हात मोकळे नसतात हे आहे. छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं असतं, दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो, सगळे गुंतलेले असतात. पण प्रत्येक वेळी तेवढंच कारण नसतं. सिनियर माणूस बाहेर येऊ शकतो आणि येत नाही, कारण त्याला तुमच्या चेहऱ्याची भीती वाटते. मग तो सगळ्यात लहान पोराला पाठवतो. मीही पाठवलंय. इंटर्न असताना मलाही असंच पाठवलं गेलं होतं.

आमच्या वेळी हे कुणी शिकवलं नाही. वाईट बातमी कशी सांगावी याच्या साध्या पायऱ्या आहेत, कॅन्सरच्या डॉक्टरांनी २००० साली मांडलेल्या. आधी बसा, उभ्यानं सांगू नका. समोरच्याला किती माहीत आहे ते विचारा. किती ऐकायची तयारी आहे ते बघा. मग सोप्या शब्दांत सांगा, आणि त्यानंतर गप्प राहा, त्याला रडू द्या. पुढे काय करायचं ते शेवटी. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमत्तेचा भाग आला, तेव्हा आता पोरांच्या कानावर निदान पडतं. माझ्या वेळी माझं प्रशिक्षण म्हणजे सर कसे सांगतात ते दाराच्या फटीतून बघणं. सरही उभ्यानंच सांगायचे.

@निशिगंध, तू आईला सांगितलंस का अजून?

निशिगंध

नाही. हा धागा तिला पाठवणार आहे.

काळीमाती

सगळ्यांबद्दल आदर ठेवून एक बोलतो. डॉक्टरला भीती असते तशी आम्हालाही दवाखान्याची पायरी चढताना असते, आणि ती मरणाच्या आधी बिलाची असते. बार्शीकडे माझी तीन एकर कोरडवाहू. आईच्या ऑपरेशनला आधी डिपॉझिट भरा म्हणाले, तेव्हा रात्री अकराला मी कुणाकुणाला फोन केले ते मलाच माहीत. फुले जनआरोग्य योजना आहे, पण ती यादीतल्या दवाखान्यात आणि यादीतल्या आजारांना. दारात पोचेपर्यंत कुठला दवाखाना यादीत आहे हे कुणाला ठाऊक? पैशामुळे आधीच संशय मनात असतो. मग माणूस गेला की तो संशय पेटतो. डॉक्टरांनी भीतीवर बोलताना हे सोडून बोलू नये.

उत्तरायण (धागाकर्ती)

सोडत नाही. माझ्या चिठ्ठीनं त्या यंत्रमागवाल्या मुलाचाही खर्च वाढलाच. रिक्षातून पुढे नेल्यावर मोठ्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. माझ्याकडे झालं असतं त्याच्या तिपटीनं बिल झालं. भीतीनं पाठवलेला प्रत्येक पेशंट, भीतीनं लिहिलेली प्रत्येक जादा तपासणी, हे सगळं कुणाच्या तरी खिशातून जातं. तुमच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे.

सिस्टर_अक्का

मी २२ वर्षं लेबर रूमला सिस्टर. डॉक्टर निघून जातात, मग आमचं काम सुरू होतं. गेलेल्या बाईला पुसायचं, बांगड्या मोजून नातेवाइकांकडे द्यायच्या, सही घ्यायची. मेलेलं बाळ जन्माला आलं तर त्यालापण आम्ही अंगडं घालतो. आई बघायला मागते ना. टोपडं नसलं तर गॉजचं करतो. मग चादर बदलायची आणि त्याच टेबलावर दुसरी बाई घ्यायची, तिला म्हणायचं, "घाबरू नको, सगळं नीट होईल."

आम्हाला आजपर्यंत कुणीच विचारलं नाही की सिस्टर, तुम्ही बऱ्या आहात का. तुम्ही सोनोग्राफीच्या खोलीत दोन सिस्टर होत्या म्हणून लिहिलंत. त्यांना विचारलंत का हो मॅडम?

उत्तरायण (धागाकर्ती)

नाही विचारलं. एक त्यानंतर तीन महिन्यांत काम सोडून गेली. लग्न ठरलं म्हणून असेल असं मी धरून चालले होते.

आज फोन करते.

पक्षकार

मी वकील. वैद्यकीय खटल्यांत दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे. डॉक्टर मित्रांच्या मनात कायद्याची जी धास्ती असते तिचा बराच भाग ऐकीव गोष्टींवर असतो, म्हणून थोडं लिहितो.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून भरपाईचे दावे येतात आणि ते पेशंटचे हक्कच आहेत. फौजदारी गुन्ह्याची गोष्ट मात्र वेगळी. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानं स्पष्ट केलं की फौजदारी जबाबदारी यायला हलगर्जीपणा ढोबळ, अक्षम्य स्वरूपाचा हवा. निर्णय चुकला किंवा उपचाराला यश आलं नाही एवढ्यावर ती येत नाही. तपास अधिकाऱ्यानं त्याच शाखेतल्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचं स्वतंत्र मत आधी घ्यावं आणि तक्रार झाली म्हणून सरसकट अटक करू नये, असंही त्यात आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण उपचार करताना असं घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरसाठी कमाल दोन वर्षं.

हल्ल्याबद्दल महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि मोडतोड केलेल्या मालाच्या दुप्पट भरपाई. तो वापरला जातो कमी, कारण त्याच दिवशी संध्याकाळी कुणीतरी मध्यस्थ येतो आणि 'मिटवून घेऊ' म्हणतो.

ताईंना एक सांगावंसं वाटतं. अशा प्रकरणात डॉक्टरला वाचवतो तो केसपेपर. किती वाजता कुठलं औषध दिलं, कुणाला फोन केला, नातेवाइकांना काय सांगितलं, ते त्या-त्या वेळी लिहिलेलं असेल तर कोर्टात फार बोलावं लागत नाही. आणि रात्री एकला कळा देणाऱ्या बाईला न तपासता पाठवणं, हे कायद्याच्या नजरेतही सुरक्षित नाही. तुम्ही ज्या चिठ्ठीला ढाल समजत होता, रिक्षात काही बरंवाईट झालं असतं तर तीच चिठ्ठी तुमच्याविरुद्ध पुरावा झाली असती.

होटगीरोड

माझी आई डॉक्टर. लहानपणी मला वाटायचं तिला आमच्यापेक्षा पेशंट आवडतात. ती घरी यायची, जेवायची, टीव्हीसमोर बसायची, पण तिथे नसायची. एकदा माझा हात मोडला तेव्हा तिनं इतक्या शांतपणे खपाटीची पट्टी बांधली की मला रडूच आलं नाही, आणि मग रात्री ती मोरीत नळ सोडून रडत होती ते मी ऐकलं. मी विचारलं तर म्हणाली साबण गेला डोळ्यात.

उत्तरायण, तुमचा मुलगा आता १६ चा असेल. त्या दिवशी तुम्ही फोन का उचलला नाही हे त्याला माहीत आहे का?

जुनी_पेठ

वय ७३. १९७९ पासून सोलापुरात जनरल प्रॅक्टिस, आता सकाळी दोनच तास बसतो. मुलीनं हा धागा वाचून दाखवला. मी सांगतोय आणि ती टाइप करतेय.

१९८८ साली एक गृहस्थ संध्याकाळी आले. वय ४८, साखरेचे जुने पेशंट. पोटात वरच्या बाजूला जळजळ, दोन ढेकर दिले की बरं वाटतं म्हणाले. मी पोट दाबून पाहिलं, आम्लपित्ताचं औषध दिलं. जाताना ते माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी करून गेले. पहाटे गेले. हार्ट अटॅक होता. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पोटदुखीच्या रूपानं येऊ शकतो, मधुमेह असेल तर छातीत दुखतही नाही, हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळी सुचलं नाही.

कुणालाही कळलं नसतं. तेव्हा लोक म्हणायचे देवानं नेलं. मी दहाव्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या आईला सांगितलं की तुमचा मुलगा संध्याकाळी माझ्याकडे आला होता आणि माझ्या लक्षात आलं नाही. म्हातारी बराच वेळ बोलली नाही. मग सुनेला म्हणाली, डॉक्टरांना चहा टाक. तो चहा मी कसा प्यालो ते सांगता येणार नाही.

त्यानंतर मी कर्ज काढून ईसीजीचं मशीन घेतलं. चाळिशीच्या वरच्या माणसानं पोटाच्या वरच्या भागात दुखतं म्हटलं की आधी पट्टी काढायची, पैसे असोत नसोत. त्यातून पुढच्या वर्षांत काही माणसं वेळेत सापडली. ही भीतीच आहे, आजही आहे. पण बेटा, तुझ्या आणि माझ्या भीतीत एक फरक मला दिसतो. माझ्या भीतीनं मला पेशंटच्या आणखी जवळ नेलं. तुझ्या भीतीनं तुला त्याच्यापासून लांब नेलं. तुझा दोष म्हणत नाही. माझ्या दारात चाळीस माणसं आली नव्हती, एक म्हातारी होती आणि तिनं चहा दिला. तुझ्या दारात दगड आले. माझ्याकडे दगड आले असते तर मीही चिठ्ठ्याच लिहिल्या असत्या.

आपल्या गावात डॉक्टर म्हटलं की द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतं. १९१० ला इथे जन्मले, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वयाच्या ३२ व्या वर्षी. फिट्सचा आजार होता. मी शेजारच्या मुलांना त्यांच्या घरातलं स्मारक दाखवायला नेतो. एकदा एका मुलीनं विचारलं, "आजोबा, त्यांना भीती नसेल का वाटली?" फिट येणारा माणूस हातात चाकू घेऊन उभा राहायचा. वाटली नसेल असं कसं म्हणू? पण आम्ही पुतळ्याला हार घालताना हे कधी बोललोच नाही. तुम्ही तरुण मंडळी बोलताय, मला आनंद आहे.

बोरामणी

काका, नमस्कार. एवढंच.

निशिगंध

आईला धागा पाठवला. तिनं फोन केला आणि पहिल्यांदा विचारलं, "तेव्हा जेवत होतीस का गं नीट?" बाकी काही नाही विचारलं.

उत्तरायण (धागाकर्ती)

आठ दिवस लिहिता आलं नाही. सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं.

@सिस्टर_अक्का, फोन केला. ती आता लातूरला असते. लग्न त्यानंतर दीड वर्षानं झालं. तिनं काम सोडलं ते काच फुटल्याचा आवाज रात्री ऐकू यायचा म्हणून. आता एका शाळेत नोकरी करते. म्हणाली, "मॅडम, मला वाटलं तुम्ही मला भित्री म्हणाल." मी तिची माफी मागितली. दुसरी सिस्टर अजून माझ्याकडेच आहे, तिच्याशी त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलले. चार वर्षांत पहिल्यांदा, आणि रोज आम्ही एकत्र चहा घेतो.

@होटगीरोड, मुलाला सांगितलं. त्याला माहीत होतं. तो म्हणाला, तू फोन उचलला नाहीस म्हणजे तू जिवंत आहेस आणि लपली आहेस, हे मी ओळखलं होतं. १२ वर्षांच्या मुलानं एवढं ओळखावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं.

@जुनी_पेठ काका, तुमचा फरक मी कागदावर लिहून लेबर रूमच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. आता चिठ्ठी लिहायच्या आधी स्वतःला विचारते की ही भीती मला तिच्याकडे नेतेय की तिच्यापासून लांब. कधी कधी उत्तर असतं की खरंच पाठवायला हवं. मग मी समोरच्या डॉक्टरला स्वतः फोन करते, चिठ्ठीत सगळं लिहिते आणि सोबत सिस्टर पाठवते.

आणखी एक. आम्ही पाच जणांनी रविवारी संध्याकाळी बसायचं ठरवलंय, दोन स्त्रीरोगवाल्या, एक भूलतज्ज्ञ, एक बालरोगवाले आणि एक फिजिशियन. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, उपचार बरोबर होता का हा वाद पहिल्या अर्ध्या तासात काढायचा नाही, ज्याला बोलायचंय त्याला पूर्ण बोलू द्यायचं. लंडनला १९५० च्या दशकात मायकल बालिंट नावाच्या मनोविश्लेषकानं जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांचे असे गट चालवले होते, त्यातूनच ही कल्पना. पहिल्या रविवारी भूलतज्ज्ञ, ज्यांना मी कायम पाषाण समजायची, ते वीस मिनिटं एका लहान मुलाबद्दल बोलले. सहा वर्षांपूर्वीची केस. कुणाला जास्त त्रास होत असेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन लाइन आहे, १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. आपण पेशंटला हा नंबर देतो. स्वतः लावायला हरकत नाही.

एक शब्द मात्र मला टोचतो. चूक किंवा दुर्घटनेनंतर कोलमडलेल्या डॉक्टरला इंग्रजीत 'सेकंड व्हिक्टिम' म्हणतात, म्हणजे दुसरा बळी. त्रास खरा आहे, पण तो शब्द मला स्वतःसाठी वापरवत नाही. डबा पुढे करणाऱ्या त्या सासूच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. मागच्या मंगळवारी मी तिच्या गावी गेले होते. त्याबद्दल इथे लिहिणार नाही, ते तिचं आणि माझं आहे. नात आता अंगणवाडीत जाते.

काल रात्री सव्वादोनला एक बाई आली. दुसरी खेप, हिमोग्लोबिन ८.४, कळा चांगल्या सुरू होत्या. पोटात नेहमीसारखा गोळा आला. हात घालून तपासलं, गर्भाशयाचं तोंड सात सेंटिमीटर उघडलेलं. नवऱ्याला आणि तिच्या आईला समोर बसवलं आणि सांगितलं की रक्त कमी आहे, जास्त रक्त गेलं तर धोका आहे, दोन पिशव्या राखून ठेवायला सांगतेय, मी इथून हलणार नाही, दर अर्ध्या तासानं कुणीतरी बाहेर येऊन तुम्हाला सांगेल. सिस्टरला घड्याळ बघून तेवढंच काम दिलं. भूलतज्ज्ञांना उठवलं, ते येऊन खुर्चीवर बसून राहिले.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. २ किलो ७००. वार पडल्यावर मी पोटावर हात ठेवून दोन तास तिथेच बसले. गर्भपिशवी दगडासारखी घट्ट होती. सात वाजता रक्तपेढीला फोन करून राखलेल्या दोन पिशव्या मोकळ्या करायला सांगितल्या.